तोड आणि गाळप यांमधले तास

निजामी अमदानीच्या दप्तरात ज्याची नोंद भीर जिल्ह्यातील मंजलेगाव तालुका अशी आढळते, ते आजचे माजलगाव सिंदफणेच्या काठी वसलेले आहे. आणि पाटोद्याकडील डोंगरांतून निघालेली ही नदी याच तालुक्यात, मंजरथच्या संगमावर, गोदावरीस मिळते. गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीस यादवराजा रामचंद्र याचा शके १२३२चा, म्हणजे इसवी सन १३१०चा ताम्रपट उपलब्ध झाला, आणि त्याच गावी अधिक मासात मोठी यात्रा भरून पुरणाच्या धोंड्यांचा नैवेद्य देवास दाखविला जातो. राजाच्या वंशावळीचा आणि दान दिलेल्या गावांच्या चतुःसीमांचा शोध विद्वानांनी कसून घेतला. नैवेद्याच्या धोंड्यातील गूळ कोणाच्या मळ्यात पिकला, कोणी तो आळला आणि त्यासाठी किती रात्री जागून काढल्या, याचा शोध घेण्याची निकड मात्र फारशी कोणास वाटली नाही. माजलगावच्या भूमीचा अलीकडचा इतिहास ज्या एका पिकाने घडविला ते पीक ऊस असल्यामुळे, आणि उसाचा इतिहास डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जीवाने पुष्कळ अंशी ठरविला असल्यामुळे, ही उणीव मला अधिक जाणवते.

कालव्याचे पाणी येण्यापूर्वी या तालुक्याची काळी जमीन ज्वारीची, कापसाची, तुरीची आणि करडईची होती. ऊस असे तो विहिरीच्या मोटेवर, थोडा, ज्याच्या घरी बैल दणकट आणि माणूसबळ पुरेसे त्याच्याच रानात. अशा उसाचे गुऱ्हाळ त्याच रानाच्या बांधावर लागे. बैल चरकाभोवती फिरत, रस मांदणात साठे, तिथून तो काहिलीत जाई. चुलवणात त्याच उसाची वाळलेली चिपाडे जळत. रसाला उकळी फुटली की गुळव्या चुन्याची निवळी आणि रानभेंडीचा चिकट रस त्यात घालून वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकी. भेंडीचा हा चिकटा म्हणजे वनस्पतीने तयार केलेली बहुशर्करा होय, हे त्या गुळव्यास ठाऊक नसेल. पण कोणता चिकटा रस निवळ करतो आणि कोणता चिकटा रस नासवतो, हा भेद त्याच्या हाताला पक्का ठाऊक होता. सकाळी तोडलेला ऊस मावळतीच्या आत काहिलीत पडलाच पाहिजे, शिळ्या उसाचा गूळ धरत नाही, ढेप बसत नाही, हा त्याचा दंडक असे. गुऱ्हाळाच्या त्या व्यवस्थेत कोयता आणि जाळ यांमध्ये शंभर पावलांचे अंतर होते आणि काही घटकांचा अवकाश. त्याहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही, हे त्या धंद्याचे पहिले सूत्र होते.

ऊस उभा आहे तोवर त्याची साल आणि तिच्यावरचे मेण ही त्याची तटबंदी असते. कोयत्याचा घाव पडला की ती भंगते, आणि जमिनीवरचे, पाचटावरचे, कोयत्याच्या पात्यावरचे असंख्य जीवाणू त्या ओल्या तोंडातून आत शिरतात. त्यांत एका गोलाकार, माळेसारख्या साखळीत राहणाऱ्या जीवाणूचे प्राबल्य असते. शास्त्रात त्याला ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस असे लांबलचक नाव आहे. आपल्याकडे शहरोशहरी जी इडली खाल्ली जाते तिचे पीठ फुगविण्याचे काम प्रामुख्याने हाच जीवाणू करतो, हे सांगितले म्हणजे तो स्वभावतः दुष्ट नाही याची वाचकांस खात्री पटावी. उसाच्या रसात मात्र तो असे काही करतो की एका हंगामाचा हिशेब त्याने फिरून जावा.

ही करणी समजून घेण्यासाठी साखरेच्या रेणूची रचना ध्यानी घेतली पाहिजे. आपण जिला साखर म्हणतो ती दोन लहान शर्करांची जोडी आहे: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, एका बंधाने एकमेकींना बांधलेल्या. हा बंध सामान्य नव्हे; तो जोडताना वनस्पतीने सूर्यापासून मिळविलेली जी शक्ती खर्ची घातली, ती तारण ठेवलेल्या ऐवजासारखी त्या बंधात शिल्लक असते. ल्युकोनोस्टॉक आपल्या पेशीबाहेर एक विकर सोडतो, ज्यास डेक्स्ट्रानसुक्रेज म्हणतात. हे विकर साखरेच्या रेणूस धरते, जोडी फोडते, फ्रुक्टोजला मोकळे करते आणि ग्लुकोजला मात्र स्वतःशी घट्ट जखडून ठेवते. आणि फुटलेल्या बंधात जी शक्ती होती तिच्याच बळावर तो ग्लुकोज आधीच्या ग्लुकोजच्या शेपटास जोडून देते. एकास दुसरा, दुसऱ्यास तिसरा, असे होत होत हजारो ग्लुकोजांची एक साखळी तयार होते, जिचा प्रत्येक दुवा पहिल्या आणि सहाव्या कार्बनाच्या सांध्याने जोडलेला असतो आणि जिला मधूनमधून फाटे फुटतात. हीच डेक्स्ट्रान नावाची बहुशर्करा. सुटलेले फ्रुक्टोज जीवाणू खातो, त्यापासून आम्ले आणि मॅनिटॉल होते, रस आंबतो. आणि डेक्स्ट्रानचा बुळबुळीत गोळा भोवती साचवून तो स्वतःस सुरक्षित करून घेतो.

या कृतीतील नवल असे की पेशीच्या तिजोरीतील एक कवडीही तिला खर्च करावी लागत नाही. जीवाणू आपल्या बहुशर्करा बनवितात तो सर्वसाधारण मार्ग याहून अगदी निराळा आणि खर्चाचा आहे. त्या मार्गात ग्लुकोज पेशीच्या आत आणावा लागतो, त्याला फॉस्फेटाची जोड द्यावी लागते, मग युरिडिन नावाच्या न्यूक्लिओटाइडाशी त्याची गाठ मारावी लागते. आणि अशी मुद्रांकित झालेली शर्कराच पुढे बांधकामात लागू पडते. युरिडिनशी बांधलेल्या या ग्लुकोजचा शोध अर्जेंटिनाच्या लुई लेल्वार यांनी १९५०च्या सुमारास लावला आणि १९७० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुद्रांकित ग्लुकोजवर निरनिराळी विकरे काम करतात: एक त्याच्या चौथ्या कार्बनावरील गट उलटवून गॅलॅक्टोज घडविते, दुसरे त्याचे टोक ऑक्सिडीकृत करून ग्लुक्युरोनिक आम्ल घडविते, आणि थायमिडिनाशी बांधलेल्या ग्लुकोजापासून तीन विकरांची एक फळी ऱ्हाम्नोज ही शर्करा तयार करते, जी मनुष्याच्या शरीरात बनतच नाही. या शर्करा मग पेशीपटलातील पंचावन्न कार्बनांच्या एका स्निग्ध वाहकावर क्रमाने रचल्या जातात आणि रचून झाल्यावर पटलाबाहेर नेऊन एकमेकींस जोडल्या जातात.

हा खर्चाचा मार्ग पाहण्यासाठीही माजलगावकरांस फार दूर जावे लागत नाही. पावसाळ्यात तुरीचे रोप हलक्या हाताने उपटले तर मुळांवर ज्या गाठी दिसतात त्यांत राहणारे ऱ्हायझोबियम कुळातील जीवाणू याच रीतीने आपली बहुशर्करा बनवितात. त्यांच्याच कुळातील लसूणघासाच्या मुळांतील जीवाणूवर जो अभ्यास झाला त्यात असे दिसले की त्याच्या बहुशर्करेतील पुन्हा पुन्हा येणारे प्रत्येक एकक आठ शर्करांचे असते, सात ग्लुकोजांचे आणि एका गॅलॅक्टोजचे. आणि ती बनविण्याची शक्ती ज्या जीवाणूने गमावली त्याला मुळाच्या आत नीट वाट मिळत नाही, गाठ पोकळ राहते आणि हवेतील नत्र जमिनीत येत नाही. एकाच शिवारात, एका बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे, जीवाणूचा एक चिकटा शेतकऱ्याला खताचा दाता ठरतो आणि दुसरा त्याच्या उसाचा क्षय करतो. हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

उसाचा हा शत्रू प्रथम ओळखला गेला तो मात्र उसात नव्हे. युरोपात बीटकंदापासून साखर करणारे कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांच्या नळांत आणि हौदांत बेडकाच्या अंड्यांसारखे पांढुरके, थलथलीत लगदे जमू लागले आणि गाळण्या तुंबू लागल्या. द्राक्षाच्या मद्यात होणाऱ्या तशाच चिकट विकाराचे कारण सूक्ष्मजीव आहेत, हे लुई पाश्चर यांनी १८६१ साली सांगितले. त्या लगद्याचा घटक कर्बोदक आहे असे ठरवून शाइबलर यांनी १८७४ साली त्याला डेक्स्ट्रान हे नाव दिले. आणि व्हॅन टीगेम यांनी १८७८ साली जीवाणूस त्याचे आजचे नाव दिले. जिवंत पेशी नसतानाही केवळ तिच्यातून पाझरलेले विकर साखरेपासून डेक्स्ट्रान बनविते, हे सिद्ध व्हायला १९४१ साल उजाडावे लागले. ते काम अमेरिकेत हेअर यांनी केले.

याच सुमारास आपल्या मुलखात उसाच्या धंद्याने कूस बदलली होती. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन प्रवरेच्या कालव्यांवर उसाचे मळे फुलले. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली आणि मुंबई इलाख्यात खाजगी कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. हैदराबाद संस्थानात बोधन येथे १९३७ साली निजामाचा साखर कारखाना उभा राहिला. आणि स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे शेतकऱ्यांच्या मालकीचा पहिला सहकारी कारखाना निघून १९५०-५१च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. या घटनांचे गौरवपूर्ण वर्णन आपल्या वाङ्मयात पुष्कळ झाले आहे आणि ते यथार्थच आहे. परंतु गुऱ्हाळाच्या आणि कारखान्याच्या रचनेत जो मूलभूत फरक पडला त्याकडे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. गुऱ्हाळात जाळ उसाकडे येत असे. कारखान्यात ऊस जाळाकडे जाऊ लागला. शंभर पावलांच्या जागी कोसांचे अंतर आले, घटकांच्या जागी दिवस आले, आणि कोयता व कारखान्यात ऊस जिच्यात टाकतात ती गव्हाण यांमध्ये जो नवा अवकाश निर्माण झाला त्यात हा जीवाणू येऊन बसला. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे शर्कराशास्त्र सांगते; तो अवकाश आखूड राखायचा तर हजारो माणसे शेताच्या बांधावरच वस्तीस आणून ठेवली पाहिजेत, रोज हवी तेवढीच तोड, रोज तेवढीच भरणी आणि एकही दिवस सुटी नाही, अशा शिस्तीत.

ती माणसे बीड जिल्ह्याने पुरविली. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या बालाघाटाच्या माथ्यावरच्या कोरडवाहू गावांतून, आणि माजलगावच्याही कालव्याचे पाणी न पोचलेल्या शिवारांतून, दसरा-दिवाळीनंतर बैलगाड्या निघू लागल्या. १९७२च्या दुष्काळानंतर तर या वाटा इतक्या रुळल्या की गावेच्या गावे हंगामापुरती ओस पडू लागली. या धंद्याची परिभाषा ऐकण्याजोगी आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसे मोजायची ती कोयत्यांनी. हंगामापूर्वी मुकादम जी रक्कम हाती देतो ती उचल. ती फिटेतोवर माणूस करारात बांधलेला. काम चुकले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. राहायचे कोपीत, बांबू आणि पाचटाच्या. पुरुषाने बुडातून ऊस तोडून पाचट सोलायचे, बाईने मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. वाढे विकून जी चिल्लर येईल ती मीठमिरचीला. मध्यरात्री गाडी कारखान्याकडे निघायची आणि पहाटे पुन्हा फडात. पोरांच्या शाळेचे वर्ष नेमके याच महिन्यांत बुडते, हे सांगायला नकोच.

पुढे सिंदफणेचेही भाग्य पालटले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले माजलगावचे धरण १९८७ साली पुरे झाले, आणि पैठणच्या उजव्या कालव्याने आलेले गोदावरीचे पाणी सिंदफणेच्या जलाशयात मिसळू लागले. काळ्या जमिनीत बारमाही पाणी खेळल्यावर ऊस येणे अपरिहार्यच होते. जवळच तेलगावला सहकारी साखर कारखाना झाला, ज्याला या भागाचे नेते आणि राज्याचे एके काळचे उपमुख्यमंत्री सुंदरराव सोळंके यांचे नाव आहे. ज्या जिल्ह्याने दुसऱ्यांचा ऊस तोडला त्या जिल्ह्यात स्वतःचा ऊस उभा राहिला. तरी बालाघाटावरच्या गाड्या निघायच्या थांबल्या नाहीत, कारण धरणाचे पाणी डोंगर चढत नाही.

आता तोडीनंतरच्या त्या तासांचा हिशेब पाहू. फडात घाई असते. मुकादम, तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय, शेतकी खात्याचे कर्मचारी सारे घाई करतात, आणि शास्त्राच्या दृष्टीने ती घाई रास्तच आहे. पण गाड्या कारखान्याच्या तळावर पोचल्या की नंबराची वाट पाहणे सुरू होते. हंगामाच्या भरात किंवा यंत्र बंद पडले असता हा मुक्काम रात्रभर आणि कधी त्याहूनही लांबतो. त्या वेळी उसाच्या प्रत्येक तोडलेल्या तोंडात विकराचे काम अखंड चाललेले असते. एकीकडे ऊस वाळून वजन घटते, आणि काट्यावर वजन कमी भरले की टनावर मिळणारी शेतकऱ्याची किंमत आणि तोडणाऱ्याची मजुरी दोन्ही घटतात. दुसरीकडे कारखान्याचे नुकसान वेगळ्याच ठिकाणी होते. डेक्स्ट्रानमुळे रस दाटतो, निवळत नाही, पाक उकळायला वेळ लागतो, आणि साखरेचा दाणा चौकोनी न बनता सुईसारखा लांब होतो, जो यंत्रात नीट धुतला जात नाही. प्रयोगशाळेची फसगत होते ती आणखी निराळी: रसातील साखर प्रकाशकिरणांच्या वळणावरून मोजतात, आणि डेक्स्ट्रान तो किरण साखरेच्या सुमारे तिप्पट वळविते, म्हणून शिळ्या उसाच्या रसात, जी साखर नष्ट झाली तीही आहे असे मापक सांगतो. हंगामअखेर साखरेचा उतारा का घसरला याचा खुलासा मग पावसात, जातीत, खतात शोधला जातो. गाडीतळावरच्या रात्रींत तो क्वचितच शोधला जातो.

या चिकट्याचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो सांगितल्यावाचून मला हा लेख संपविता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमधील ग्रोनवाल आणि इंगेलमान यांनी शुद्ध केलेले डेक्स्ट्रान रक्तद्रवाऐवजी शिरेतून देता येते असे दाखविले, आणि कोरियाच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी त्याचा उपयोग झाला. पुढे लोहाला डेक्स्ट्रानच्या साखळीत गुंतवून रक्तक्षयावर इंजेक्शन निघाले. कारखान्यात जे नासाडीचे चिन्ह, ते रुग्णालयात औषध ठरले. आणि रक्तक्षयाने सर्वाधिक गांजलेल्या ज्या स्त्रिया आपल्या देशात आहेत त्यांत मोळ्या वाहणाऱ्या या स्त्रिया येतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात निघाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात पाणी नाही, आडोसा नाही, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. ऊस शिळा होऊ नये म्हणून जी शिस्त धंद्याने घातली, तिचा भार अखेर कोठे जाऊन पडला, ते या आकड्यावरून कळते.

अलीकडे ऊसतोडणी यंत्रे आली आहेत. ती उसाचे वीतभर लांबीचे तुकडे करतात. जिथे पूर्वी एका उसाला दोन तोंडे होती तिथे आता वीस झाली, आणि जीवाणूला तितकी दारे उघडली. यंत्राने तोडलेला ऊस म्हणून अधिकच लवकर गाळावा लागतो. यंत्र येऊनही घड्याळ सैल झाले नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ देण्याचा करार झाला, ही समाधानाची गोष्ट होय. पण ती मजुरी अद्याप टनावरच आहे. तळावर जो वेळ जातो त्याचे मोल तिच्यात नाही.

म्हणून कारखान्यांच्या संचालकांस, मग ते माजलगाव परिसरातील असोत की कृष्णाकाठचे, माझी एवढीच विनंती आहे की तोडीच्या चिठ्ठीवर तोडीची घटका आणि गव्हाणीत ऊस पडल्याची घटका या दोन्ही टिपून ठेवाव्यात, आणि गाडी जितके तास तळावर उभी राहील तितक्या तासांची मजुरी कोयत्याला चुकती करावी. ते तास साखर खातात हे शास्त्राने सिद्ध केले आहे. ते माणसालाही खातात हे बीड जिल्ह्यातील कोणतीही कोपी सांगेल.